लिफ्ट पंप बसवण्याआधी त्याच्या अलीकडची नळी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : डिझेल पिकअपवर बाहेरचा लिफ्ट पंप बसवण्यासंबंधी

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत डिझेल पिकअपवर बाहेरचा, म्हणजे गाडीच्या उत्पादकाने न दिलेला, लिफ्ट पंप कसा बसवावा याविषयीचा लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला जागा दिली हे चांगले झाले. एरवी ही माहिती पंप विकणाऱ्याच्या पत्रकातूनच मिळते, आणि पत्रकाला पंप विकायचा असतो. लेखातील हत्यारांची यादी आणि बोल्ट आवळण्याचा क्रम यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र लेखाचा सारा भर कोणता पंप घ्यावा यावर आहे, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर जेमतेम एक वाक्य आहे, आणि वायरिंगविषयी दिलेला सल्ला तर मला सरळसरळ धोक्याचा वाटतो. डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीशी माझा रोजचा संबंध असल्याने हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

लिफ्ट पंपाचे, कारागिरांच्या तोंडी असलेल्या फीड पंपाचे, काम एवढेच की टाकीतले डिझेल उचलायचे आणि ते उच्चदाब पंपाच्या तोंडाशी थोड्याशा दाबाने, खंड न पडता आणि हवेविना पोहोचवायचे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते त्या इंजिनात, रेलमधला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, अलीकडच्या काही पद्धतींत २,५०० बारपर्यंतही. पण तो दाब तयार करणे हे उच्चदाब पंपाचे काम आहे. लिफ्ट पंपाचा दाब बहुतेक पिकअपवर अर्ध्या ते एक बारच्या आसपास, म्हणजे साधारण ८ ते १५ पीएसआय असतो. आकडा किरकोळ आहे, पण प्रश्न आकड्याचा नसून उच्चदाब पंपाच्या तोंडाशी वातावरणापेक्षा जास्त दाब आहे की कमी, हा आहे. तो कमी असेल, म्हणजे पंपाला डिझेल स्वतःच ओढून घ्यावे लागत असेल, तर डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटी होते आणि वाटेवरचा प्रत्येक सांधा बाहेरची हवा आत घ्यायला मोकळा होतो. उच्चदाब पंपातील प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचा बोअर (तो ज्यात सरकतो ते भोक) यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते आणि तिथे वंगण म्हणून डिझेलच असते. बुडबुडा जिथे पोहोचला तिथे तेवढ्या वेळापुरते वंगण नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

बाहेरचे लिफ्ट पंप बाजारात का आले, हे पाहिले तर मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९९८ ते २००२ या काळात डॉज पिकअपवर येणाऱ्या कमिन्सच्या ५.९ लिटर, २४ व्हॉल्व्हच्या इंजिनावर बॉश व्हीपी४४ हा रोटरी इंजेक्शन पंप, म्हणजे तिथला उच्चदाब पंप, होता. त्या पंपाच्या डोक्यावरच त्याचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेले होते आणि पंपाला गार ठेवण्याचे काम आतून वाहणाऱ्या डिझेलकडेच होते. डिझेलचा पुरवठा कमी पडला की झिजेबरोबर उष्णतेचाही प्रश्न उभा राहत असे. त्याला डिझेल पुरवणारा विजेवरचा लिफ्ट पंप मात्र इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने जोडलेला होता. म्हणजे टाकी मागे, पंप पुढे, आणि मधल्या सगळ्या लांबीतून डिझेल ओढून आणायचे. विजेवरचे असे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नसतात. ती रचना पुढे बदलली आणि पंप टाकीत गेला. दुसरे उदाहरण शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपवरील ड्युरामॅक्स इंजिनाचे. २००१ ते २०१६ पर्यंतच्या त्या पिकअपवर विजेवरचा लिफ्ट पंपच नव्हता. उच्चदाब पंपाला जोडलेला लहान गिअर पंप टाकीपासून फिल्टरमार्गे सगळे डिझेल ओढत असे. फिल्टर, हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप), त्याखालचा पाण्याचा सेन्सर आणि त्यांच्या ओ-रिंगा हे सर्व ओढीच्या बाजूला. त्यांतली एखादी ओ-रिंग कडक झाली की गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ खात बसे. दोन्ही उदाहरणांत दोष पंपाच्या ताकदीचा नव्हता. ओढीची बाजू लांब आणि सांध्यांनी भरलेली होती, हा होता. २०१७ पासून ड्युरामॅक्सलाही टाकीत लिफ्ट पंप आला.

म्हणून पंप घेण्याआधी मोजमाप करावे, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते. गाडी चढावर दम टाकते, लोड घेत नाही, वेग धरताना अडखळते, या तक्रारी कमी पुरवठ्यामुळे येतात हे खरे, पण चोंदलेला फिल्टर, गळका इंजेक्टर, टर्बोची सैल पडलेली नळी किंवा बिघडलेला रेल दाब नियंत्रक यांनीही अगदी अशीच लक्षणे दिसतात. आधी फिल्टर बदलावा. मग उच्चदाब पंपाकडे जाणाऱ्या नळीत गेज लावून गाडी लोडखाली चालवून पाहावी. मूळ लिफ्ट पंप असलेल्या गाडीत दाब किती खाली येतो ते पाहायचे. लिफ्ट पंप नसलेल्या गाडीत निर्वात किती वाढतो ते पाहायचे, आणि पूर्ण लोडवर तो पाऱ्याच्या ५ इंचांच्या पुढे गेला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे असे धरायचे. इंजेक्टरच्या रिटर्नचे मोजमाप वेगळे करावे, कारण इंजेक्टर मागे जास्त डिझेल सोडत असतील तर लिफ्ट पंप कितीही मोठा लावला तरी रेलचा दाब भरून निघत नाही.

एका पिकअपचा मालक नवा पंप खोक्यासकट घेऊनच आला होता. तक्रार हीच, चढावर दम टाकते. आम्ही टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. गाडी आयडलवर असताना नळीत स्वच्छ पिवळसर डिझेल दिसत होते, काहीच खोट नाही. इंजिनाचा वेग वाढवून धरल्यावर नळीच्या वरच्या कडेने केसासारख्या बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली आणि वेग सोडल्यावर ती थांबली. मागे मागे जात टाकीच्या डोक्यापर्यंत पोहोचलो, तेव्हा प्लॅस्टिकच्या निपलला क्लिपच्या बरोबर खाली उभी चीर होती. तिथून डिझेलचा एक थेंबही बाहेर येत नव्हता, कारण तिथे ओढ होती, दाब नव्हता. बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत. निपलचा भाग बदलला आणि गाडी चढ चढू लागली. पंप खोक्यातच परत गेला.

शेतपंपाच्या सक्शन पाइपला कुठे हवा लागली की मोटार जोरात फिरते आणि पाणी मात्र येत नाही, हे आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले असेल. तिथे कोणी अधिक अश्वशक्तीची मोटार आणत नाही, पाइप आणि फूटव्हॉल्व्ह तपासतो. पिकअपच्या बाबतीत मात्र मोठा पंप हाच पहिला उपाय सुचतो, आणि त्याने परिस्थिती उलट बिघडू शकते, कारण मोठा पंप त्याच अरुंद नळीतून अधिक जोराने ओढतो, निर्वात वाढतो, हवा अधिक सुटते आणि पंपाच्या आत पोकळ्या तयार होऊन तो खडखडत झिजतो. नव्या पंपाचा आवाज पहिल्याच आठवड्यात वाढला, तर पंपाच्या दर्जाला नावे ठेवण्याआधी त्याच्या अलीकडे पाहावे.

टाकीतून डिझेल घ्यायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत काही ना काही तडजोड आहे. मूळ नळीवरच काम भागवणे सर्वांत सोपे. पण मूळ नळीचा आतला व्यास बहुधा ३/८ इंचाचा असतो आणि मोठ्या पंपाला तो अपुरा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे टाकीच्या डोक्यातून अर्ध्या इंचाची वेगळी नळी खाली सोडणे. ती नळी टाकीच्या तळापासून पाव ते अर्धा इंच वर राहील अशी आणि टोकाला तिरकी कापावी लागते. सरळ कापलेले टोक तळाला टेकले तर तोंडच बंद होते. शिवाय उत्पादकाने टाकीत एक लहान भांडे दिलेले असते, ज्यात वळणावर किंवा उतारावरही डिझेल साठून राहते; नवी नळी त्या भांड्याच्या बाहेर सोडली, तर टाकी पाव राहिली असताना गाडी वळली की डिझेल एका बाजूला जाते आणि नळी हवा ओढते. पंप बसवल्यावर पाव टाकीला गाडी बंद पडते, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. तिसरा मार्ग टाकीच्या तळाला भोक पाडून खालून घ्यायचा. यात ओढ जवळजवळ राहत नाही, डिझेल स्वतःच्या वजनाने पंपापर्यंत येते, म्हणून तांत्रिकदृष्ट्या तो मला सर्वांत पटतो. पण खाली लोंबणारा भाग दगडाला लागू शकतो, तळाचा गाळ आणि पाणी पहिल्यांदा तिथेच येते, आणि प्लॅस्टिकच्या टाकीला भोक पाडताना पडलेला कीस टाकी पूर्ण उतरवून, आतून पुसून काढल्याशिवाय हे काम करूच नये. टाकी न उतरवता खालून भोक पाडून मोकळे होणारेही आहेत. तो कीस पुढे कुठे जातो, याचा विचार त्यांनी करावा.

सांध्यांच्या बाबतीत लेखातील एक वाक्य मला विशेष खटकले. आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळावी, असा सल्ला त्यात आहे. पाण्याच्या नळाला ती चालते. इंधनाच्या नळीत तिचा सुटलेला धागा पुढे वाहत जातो, आणि तो फिल्टरच्या पुढच्या सांध्यातून सुटला तर थेट उच्चदाब पंपात किंवा इंजेक्टरमध्ये. इंधनाला चालणारे द्रवरूप सीलंट वापरावे आणि तेही पहिल्या दोन आट्या कोरड्या सोडून. क्विक कनेक्टरच्या ओ-रिंगला बोटाने डिझेल लावून तो टक आवाज येईपर्यंत दाबावा आणि मग उलट ओढून पाहावा. आवाज आला म्हणून बसला असे नव्हे. नळी घेताना तिच्यावरचा छाप वाचावा. साधी एसएई ३०आर७ वर्गाची नळी आतून डिझेल वाहून न्यायला चालते, पण टाकीत डिझेलमध्ये बुडून राहण्यासाठी ती नसते. बुडणाऱ्या भागाला ३०आर१० वर्गाचीच लागते. डिझेलमध्ये जैवइंधनाचे प्रमाण जास्त असेल तर साधे नायट्राइल रबर फुगते, हेही ध्यानात असावे.

गाळणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी वेगळे करणारा फिल्टर पंपाच्या आधी असणे चांगले, कारण पंपातून गेलेले पाणी घुसळले जाऊन इतक्या बारीक थेंबांत विखुरते की नंतरच्या फिल्टरला ते धरणे कठीण जाते. कणांचा बारीक फिल्टर मात्र पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला हवा. बारीक फिल्टर ओढीच्या बाजूला लावणे म्हणजे आपण होऊन अडथळा निर्माण करणे होय. मूळ फिल्टर काढून टाका, असे काही विक्रेते सांगतात, पण नव्या फिल्टरची क्षमता उत्पादकाच्या अपेक्षेइतकी असल्याची कागदोपत्री खात्री नसेल तर मूळ फिल्टर तसाच ठेवावा.

आता पंप किती मोठा असावा, याचा हिशेब. साधारण २०० किलोवॅटचे इंजिन पूर्ण शक्तीवर चालत असताना दर किलोवॅट-तासाला सुमारे २१० ग्रॅम डिझेल जाळते असे धरले, तर तासाला ४२ किलो, म्हणजे सुमारे ५० लिटर होतात. बाजारात मिळणारे पंप तासाला साडेतीनशे ते सहाशे लिटर देणारे असतात. उच्चदाब पंपाच्या वंगणासाठी आणि इंजेक्टरच्या रिटर्नसाठी जास्तीचे डिझेल लागते हे धरूनही, मूळ स्थितीतल्या इंजिनाला या श्रेणीतला सर्वांत लहान पंपच पुरून उरतो. उरलेले डिझेल रेग्युलेटरमार्गे, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेतून, टाकीत परत जाते. म्हणून रिटर्नची नळी अरुंद असू नये, नाहीतर रेग्युलेटर उघडा असूनही दाब वर चढतो. दाब गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तर उच्चदाब पंपाच्या शाफ्टच्या सीलवर भार येतो, आणि ज्या रचनेत तो सील इंजिन ऑइलच्या बाजूला असतो, तिथे गळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी.

पंप चॅसीवर, टाकीच्या जितक्या जवळ आणि टाकीतल्या डिझेलच्या पातळीच्या जितक्या खाली बसवता येईल तितका बरा. धुराड्यापासून, विशेषतः डीपीएफपासून, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरपासून, दूर, कारण ते स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेत आतले तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. प्रोपेलर शाफ्ट आणि स्प्रिंगच्या पाट्यांची हालचाल गाडी भरलेली असताना कुठवर येते, ते पाहूनच जागा ठरवावी. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवे भोक पाडू नये. असलेल्या भोकांत किंवा क्लॅम्पने ब्रॅकेट धरावे.

माझा मुख्य आक्षेप वायरिंगवर आहे. पंपाची पॉझिटिव्ह वायर इग्निशनच्या कोणत्याही मोकळ्या फ्यूजवरून घ्यावी, म्हणजे किल्ली फिरवली की पंप चालू होतो, असे लेखात म्हटले आहे. पंप चालू होईल, यात शंका नाही. पण मूळ रचनेत लिफ्ट पंप इंजिन कंट्रोल युनिटच्या ताब्यात असतो: किल्ली दिल्यावर काही सेकंद चालतो, इंजिन फिरत नसेल तर थांबतो आणि इंजिन फिरू लागल्यावर पुन्हा सुरू होतो. अपघातात इंजिन बंद पडले की पंपही बंद पडतो. किल्लीवरून थेट जोडलेला पंप मात्र किल्ली दिलेली आहे तोवर चालूच राहील, आणि नळी तुटलेली असेल तर मिनिटाला सहा ते दहा लिटर डिझेल बाहेर ओतत राहील. डिझेलचा ज्वलनांक पेट्रोलपेक्षा बराच वर असल्याने ते पेट्रोलसारखे पटकन पेट घेत नाही, हे खरे असले तरी दाबाने फवारलेले डिझेल तापलेल्या टर्बोवर पडले की पेटते. यावर उपाय अगदी सोपा आहे. पंपाचा मुख्य प्रवाह बॅटरीवरून योग्य फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला द्यावा, ८७ वरून पंपाला न्यावा, आणि रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५ आणि ८६ ला, मूळ लिफ्ट पंपाच्या वायरवरून इशारा द्यावा. रिले मग मूळ पंपाप्रमाणेच वागतो. ज्या गाडीला मूळ लिफ्ट पंपच नाही, तिथे ऑइल प्रेशर स्विच किंवा धक्का बसल्यावर तुटणारा इनर्शिया स्विच मध्ये घालावा. हा मजकूर वाचून कोणी प्रत्यक्ष काम करणार असेल, हे लक्षात घेऊन लेखातील त्या ओळीची दुरुस्ती पुरवणीत ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

वायरची जाडीही लेखात आलेली नाही. पंप १२ अँपिअर घेत असेल आणि वायर ४ मीटर लांब असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.२. व्होल्टेज कमी झाले की मोटारीचा वेग कमी होतो आणि पुरवठा घटतो, तोही नेमका लोडखाली. अर्थिंगची रिंग चॅसीच्या रंगावरच आवळलेली मी कितीतरी गाड्यांवर पाहिली आहे. बोल्ट घट्ट असतो, वॉशर चकचकीत असतो आणि रिंगखाली रंगाचा थर तसाच असतो. रंग खरवडून, धातू उघडा करून रिंग आवळावी आणि वर ग्रीस लावावे. मग पंप चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर धरून पाहावा.

दाबाचा गेज कायमचा बसवावा, पण डिझेलची नळी केबिनमध्ये आणून नव्हे. उच्चदाब पंपाच्या अगदी आधी, शेवटच्या फिल्टरच्या पुढे सेन्सर लावावा आणि केबिनमध्ये फक्त वायर आणावी. फिल्टरच्या आधी लावलेला गेज फिल्टर चोंदला तरी छान दाब दाखवत राहतो, आणि मालक निश्चिंत राहतो.

काम झाल्यावर हवा काढण्यासाठी किल्ली देऊन पंप चालू-बंद होऊ द्यावा, असे चार-सहा वेळा करावे; नुसता सेल्फ मारत बसू नये, कारण त्या वेळेत उच्चदाब पंप कोरडा फिरतो. नवा फिल्टर भरून लावण्याची सवय अनेकांना आहे. डब्यातले न गाळलेले डिझेल फिल्टरच्या मधल्या भोकात ओतले, तर ते गाळणीच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला जाते, आणि फिल्टर लावण्याचा हेतूच उरत नाही. आधी ओढीखाली असलेली बाजू आता दाबाखाली आली आहे, हेही ध्यानात ठेवून जुने फिल्टर हाउसिंग, प्रायमर आणि बॅन्जो बोल्टचे (ज्यातून डिझेल वाहते त्या पोकळ बोल्टचे) वॉशर पुन्हा पाहावेत. जिथून हवा आत जात होती तिथून आता डिझेल बाहेर येईल. हे कमी दाबाचे काम आहे, म्हणून त्याच ओघात रेलच्या नळ्यांना हात घालू नये. इंजिन चालू असताना रेलच्या बाजूची गळती कधीही बोटाने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा; त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि तरीही ती शस्त्रक्रियेची तातडी असते.

लिफ्ट पंपाने ताकद वाढते आणि मायलेज सुधारते, हे लेखातील विधान मला मान्य नाही. इंजिनात किती डिझेल जायचे ते कंट्रोल युनिट ठरवते. पुरवठा आधी अपुरा होता तर तो पुरेसा झाल्याने हरवलेली ताकद परत मिळते. पुरवठा पुरेसा होता तर काहीही वाढत नाही. तसेच २०११ पासून काही पिकअपवर आलेल्या बॉश सीपी४ या उच्चदाब पंपाबाबत लिफ्ट पंप हे संरक्षणाचे कवच म्हणून विकले जाते. त्या पंपात कॅमवर फिरणारा रोलर आणि त्याला धरणारा टॅपेट आडवा फिरला की धातूचा चुरा तयार होऊन रेल, इंजेक्टर आणि टाकीपर्यंत पसरतो. हवा न येऊ देणारा लिफ्ट पंप या बिघाडाचे एक कारण दूर करतो. पण पाणी मिसळलेले किंवा कमी वंगणगुणाचे डिझेल घातले तर त्यापुढे तो काही करू शकत नाही. डिझेलच्या वंगणगुणाची चाचणी घर्षणाने पडलेल्या व्रणाच्या रुंदीवरून होते, आणि युरोपीय ईएन ५९० मानकात ती मर्यादा ४६० मायक्रॉन, तर अमेरिकी डी९७५ मानकात ५२० मायक्रॉन आहे. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत नैसर्गिक वंगण कमी होते, म्हणून शुद्धीकरणानंतर ते मिसळावे लागते.

थंड प्रदेशात आणखी एक अडचण येते, आणि तिचा उल्लेख कुठल्याच पत्रकात मला दिसला नाही. मूळ फिल्टर इंजिनाच्या उबेत असतो, बहुधा त्याला हीटरही असतो. नवा फिल्टर चॅसीवर उघड्या वाऱ्यात येतो. तापमान उतरले की डिझेलमधले मेण गोठून त्या फिल्टरवर थर धरते, इंजिन सुरू होते आणि थोडे अंतर जाऊन बंद पडते. अशा ठिकाणी हीटर घेण्याची सोय असलेलाच पंप निवडावा आणि हिवाळ्याचे डिझेल वापरावे. आणि एक शेवटचे : नव्या पंपाबरोबर दोन जास्तीचे फिल्टर गाडीवर चढतात, त्यांच्या आट्या आणि गॅस्केट मूळ फिल्टरपेक्षा वेगळ्या असतात आणि ते ऐन वेळी कुठेही मिळतीलच असे नाही. त्यांचा एक जोड, गॅस्केटसह, गाडीतच ठेवावा आणि फिल्टरखालच्या निचऱ्याच्या नळातून दर काही दिवसांनी पाणी काढावे. नळ उघडण्याआधी इंजिन बंद असावे आणि बंद केल्यावर तो हाताने पुन्हा चाचपावा, कारण तो जरी थोडा उघडा राहिला तरी पंपाच्या अलीकडच्या बाजूने हवा आत जाऊ लागते.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
(व्यवसाय : डिझेल वाहन दुरुस्ती)